अंगणवाडी ते कॉलेज: मुलांच्या लसीचं कार्ड पूर्ण कसं ठेवायचं

जून उजाडला की शाळेच्या फॉर्मसोबत लसीच्या कार्डाची झेरॉक्स मागितली जाते आणि मग घरातली पेटी, कपाट, फडताळ सगळं उपसलं जातं. ही धावपळ टाळायची तर दिवाळीच्या सुट्टीतच कार्ड काढून बसा. राहिलेल्या डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, त्यामुळे जूनमध्ये सुरुवात केली तर काही डोस फॉर्मच्या मुदतीत बसतच नाहीत.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. सहा ते चौदा वयाच्या मुलाच्या लसी अपुऱ्या आहेत म्हणून शाळेला त्याला परत पाठवता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश हा त्याचा हक्क आहे. कार्ड पूर्ण करायचं ते लेकराला घटसर्प, गोवर, धनुर्वात होऊ नये म्हणून.

अंगणवाडीत जाण्याआधी

जन्मल्यावर बीसीजी म्हणजे क्षयरोगाची लस, पोलिओचा शून्य डोस आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटा म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, पोलिओचे थेंब आणि जुलाबावरचे रोटाचे थेंब. त्यातच पहिल्या आणि तिसऱ्या फेरीला पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल म्हणजे पीसीव्ही. इथवर बहुतेक घरांचं नीट चालतं, कारण बाळ लहान असतं आणि आशाताई दारात येते.

घसरण नवव्या महिन्यापासून सुरू होते. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो. पोलिओचा हा तिसरा डोस जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, म्हणून थोरल्या भावंडाच्या कार्डावर तो दिसला नाही तर गोंधळू नका. त्यानंतर १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, पोलिओ बूस्टर. जीवनसत्त्व अ पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. जपानी मेंदूज्वराची लस ठराविक जिल्ह्यांतच देतात. आपल्या जिल्ह्यात आहे का ते उपकेंद्रात विचारा.

गोवर-रुबेलाची बाटली एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकतात. म्हणून कधी कधी "आणखी दोन-तीन लेकरं जमली की या" असं सांगितलं जातं. एका मुलासाठीसुद्धा बाटली उघडावी अशीच सूचना आहे. शांतपणे तसं सांगा आणि त्याच दिवशी डोस घेऊन या.

सर्दी, किरकोळ ताप, थोडे जुलाब किंवा अशक्तपणा यासाठी डोस पुढे ढकलू नका. कुपोषित बाळाला तर लस जास्तच गरजेची, कारण गोवर त्यालाच जास्त छळतो. टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. पेंटानंतर ताप आला तर पॅरासिटामॉल वजनावरून मोजून द्या, किती मिली ते नर्सबाईकडून लिहून घ्या. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो आणि व्रण राहतो. त्यावर हळद, लेप, तेल काही लावायचं नाही.

माहेर, सासर आणि कारखाना

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणजे पहिले डोस एका उपकेंद्रात, पुढचे दुसऱ्या. त्यात कार्डावर बाळाच्या नावाच्या जागी नुसतं आईचं नाव असतं, तेही कधी माहेरच्या आडनावानं. बारसं झालं की पुढच्याच डोसाला बाळाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख कार्डावर आणि यू-विन या लसनोंदीच्या सरकारी पोर्टलवर दुरुस्त करून घ्या, तेव्हा पाच मिनिटांत होतं. दहा वर्षांनी शाळेचा दाखला, आधार आणि लसीचं कार्ड अशी तीन नावं जुळवत बसणं फार जड जातं.

बीड, जालना, धाराशिव, परभणीकडची ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नववा किंवा सोळावा महिना नेमका त्या हंगामात आला तर डोस राहतो, कारण कार्ड गावच्या पेटीत आणि बाळ कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. लस देशात कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पत्ता आड येत नाही. निघण्याआधी इतकं करा: कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो आई आणि बाप दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा, मूळ कार्ड बाळासोबत न्या, आणि पुढच्या डोसाची तारीख आशाताईकडून मोठ्या आकड्यात लिहून घ्या. थोरली पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहणार असतील तर त्यांची कार्डं गावातच ठेवा. सगळ्या भावंडांची कार्डं एकाच पिशवीत बांधून कारखान्यावर नेली की इकडे शाळेत टोचणीचा दिवस आला तरी काय झालंय, काय राहिलंय हे कुणालाच सांगता येत नाही.

कार्ड हरवलं तर आधी यू-विनवर नोंदवलेल्या मोबाईल क्रमांकाने प्रमाणपत्र निघतं का पाहा. नाही निघालं तर जिथे टोचलं त्या उपकेंद्राच्या नोंदवहीत आणि कार्डाच्या स्थळप्रतीत नोंद सापडते. बाळाची जन्मतारीख आणि आईचं तेव्हाचं नाव सांगा. कुठेच नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरून पुन्हा देतात. जादा डोसाने अपाय होत नाही, राहिलेल्या डोसाने होऊ शकतो.

मधले डोस उशिरा झाले तर पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. जिथे थांबलं तिथून पुढे. मात्र वयाची दारं बंद होत जातात: बीसीजी एक वर्षापर्यंत, सरकारी केंद्रात गोवर-रुबेला आणि पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत, डीपीटी सात वर्षांपर्यंत.

पहिली, पाचवी, दहावी

पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, १० व्या वर्षी टीडी म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, १६ व्या वर्षी पुन्हा टीडी. ढोबळमानाने पहिली, पाचवी आणि दहावी. घटसर्पाविरुद्धची ताकद वयाबरोबर ओसरत जाते, म्हणून हे तीन डोस लावलेत, आणि नेमके हेच सगळ्यात जास्त राहतात. शाळेत पथक आलं त्या दिवशी पोरगं गैरहजर असलं की डोस गेला. दुसऱ्याच आठवड्यात उपकेंद्रात घेऊन जा. पत्रा लागल्यावर टीटीचं इंजेक्शन घेतलं होतं म्हणून टीडी झाला असं समजू नका; टीटी फक्त धनुर्वाताची, तिच्यात घटसर्पाचा भाग नसतो.

दहावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या तयारीला लातूरला जाणाऱ्या मुलामुलींचा १६ व्या वर्षाचा डोस हमखास बुडतो. शाळा सुटलेली, क्लासमध्ये पथक येत नाही. गाव सोडण्याआधीच तो घ्या आणि दंडावर टोचल्याची तारीख कार्डावर चढवून घ्या.

मुलींसाठी एचपीव्ही लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. खासगी दवाखान्यात ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ पासून पुढे तीन. पंधरा पूर्ण होईपर्यंत वाट पाहत बसलात तर एक डोस वाढतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही त्यातलीच लस.

कॉलेज आणि परदेश

एमबीबीएस, नर्सिंग, लॅब टेक्निशियन यांना रुग्णांच्या रक्ताशी संबंध येतो, म्हणून कावीळ ब चे तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रवेश पक्का झाल्यावर सुरू केलं तर वॉर्डात पाय ठेवेपर्यंत तिसरा डोस होत नाही, म्हणून बारावीतच सुरू करा. लहानपणी कोर्स पूर्ण झाला असेल तर आधी रक्तातली अँटिबॉडी तपासा. ती १० एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त आली तर पुरेसं. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्यांनी रेबीजचे आगाऊ डोसही घ्यावेत: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी.

अमेरिकेतली विद्यापीठं सहसा एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस मागतात. इथेच आपली मुलं अडतात, कारण सरकारी लसीत गोवर आणि रुबेला आहे, गालगुंड नाही. खासगी दवाखान्यात २८ दिवसांच्या अंतराने एमएमआरचे दोन डोस घ्या. कांजिण्यांची लसही मागितली असेल तर दोन्ही एकाच दिवशी घ्या किंवा मध्ये चार आठवडे जाऊ द्या. क्षयरोगाची त्वचा चाचणी एमएमआरच्या दिवशीच करा, नाहीतर चार आठवड्यांनी, अन्यथा निकाल चुकीचा येऊ शकतो. आणि फॉर्म भरताना तारखेतला महिना अक्षरांत लिहून घ्या. तिकडे महिना आधी लिहितात, त्यामुळे आपली ५ जून त्यांना ६ मे वाटते आणि दोन डोसांतलं अंतर कमी दिसून फॉर्म परत येतो.