वीरगळ वाचायचा कसा? किकलीपासून सुरुवात करा

तलाठ्याच्या नोकरीत अर्धा सातारा जिल्हा पायाखालून गेला. नव्या गावात शिरलं की आधी चावडी, मग भैरोबाचं देऊळ, हा क्रम ठरलेला. निवृत्त झालो तरी पाय तिकडेच वळतात. पुतणे-भाचे म्हणतात, "काका, जुनं गाव दाखवा," तर मी त्यांना पहिल्यांदा वाई तालुक्यातल्या किकलीला नेतो. महामार्गावर भुईंजला आत वळायचं. चंदन-वंदन किल्ल्यांची जोडगोळी दिसायला लागली की समजा जवळ आलात. भैरवनाथाचं देऊळ यादवकाळातलं, आणि आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, इतके की शिकायला दुसरीकडे जायची गरजच नाही.

भर दुपारी मात्र जाऊ नका. डोक्यावरच्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. सकाळी लवकर नाहीतर चारनंतर तिरपं ऊन पडतं, तेव्हा बोटं, दागिने, तलवारीची मूठसुद्धा उठून दिसते. सावलीतल्या दगडावर बॅटरी समोरून नाही, बाजूने धरायची.

वीरगळ वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील तर गावची गुरं वळवून नेणाऱ्यांशी लढताना तो गेला, असं धरायचं. गुरं हीच तेव्हाची दौलत. त्यावर लढाई: ढाल-तलवार, कुठे धनुष्य, कुठे घोडा. इथे जरा थांबा, कारण माणूस पायदळातला की घोडेस्वार हे इथेच कळतं. त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, आणि शेवटच्या कप्प्यात तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. एवढं सगळं कोरलं, पण नाव बहुतेक दगडांवर नाहीच.

कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची खूण.

"पांडवांनी एका रात्रीत बांधलं," असं कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या, वाद घालू नका. तोच माणूस पुढे चहा पाजतो आणि शेतातला दगडही दाखवतो. हेमाद्रीच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात त्या देवळांचंही असंच. हेमाद्री हा तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, पण चुन्याशिवाय दगड बसवायची पद्धत त्याच्या आधीपासूनची. म्हणून नावावर जाऊ नका, सांधे बघा. खाली बिनचुन्याचा दगड आणि वर विटा-चुन्याचं शिखर असेल, तर वरचं काम बहुधा नंतरचं. समोरचे चंदन-वंदन शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधले असं मानतात. त्याचं राज्य पुढे यादव सिंघणाने घेतलं.

आता हात आवरण्याबद्दल. अक्षरं उठावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका, तेल तर नकोच. शेंदूर खरवडायचा नाही, तो गावचा देव आहे. फोटो अगदी समोरून घ्या आणि शेजारी शाळेची फूटपट्टी ठेवा, म्हणजे उंची कळते. मी गटारावर फरशी म्हणून टाकलेला वीरगळ पाहिलाय, नक्षी खाली आणि पाठ वर. असा दगड सापडला तर स्वतः उकरू नका. आहे त्या जागेचा फोटो काढा, सरपंचांना दाखवा, मगच हलवायचं बोला. जागा सुटली की दगडाची निम्मी माहिती गेली.

साताऱ्याकडे परतताना वेळ उरला तर लिंबला बारामोटेची विहीर बघा (मोट म्हणजे बैलांनी विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची पिशवी). ही मध्ययुगातली म्हणावी का, यावर आमच्या घरात वाद आहे, कारण काम 1719 ते 1724 मधलं, वीरूबाई भोसले यांनी करवलेलं. पण शिलालेखच असल्यामुळे वीरगळासारखं ताडत बसावं लागत नाही. नाव बारामोटेची, जागा मात्र पंधरा मोटांची. वर जाऊन मोजा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात, चपला घट्ट घाला.