१३:००:४५ खताचं पोतं डिझेलजवळ ठेवू नका

शिरोळ, करवीरकडं ठिबकातून १३:००:४५ सोडणारे पुष्कळ. हे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच सोरा. विरघळताना बादली बाहेरून गार लागते, त्यात काळजीचं काही नाही. खरी काळजी साठवणुकीची. ते स्वतः जळत नाही, पण फार तापलं की ऑक्सिजन सोडून शेजारची आग भडकवतं. म्हणून मोटारीच्या खोलीत डिझेलचा कॅन, गंधकाची पिशवी, पाचट यांच्यालगत पोतं नकोच. सांडलेलं भुश्श्यानं टिपू नका. पोतं पेटलंच तर माती टाकून भागत नाही. धूर टाळून लांबून भरपूर पाणी मारा. आणि म्हशींना फार जपा! मीठ समजून चाटलं तर पोटात नायट्राइट तयार होतं, रक्त चॉकलेटी पडतं, जनावर धापा टाकतं. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा.