डिस्कस किती ठेवायचे? आधी बादल्या मोजा

डिस्कस (शोभेचे चपटे, रंगीत मासे) घ्यायचेत, माझ्याकडे अमुक फुटाचा टँक आहे, किती ठेवू, हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी विचारतंच आणि विचारणाऱ्याचं मनात आधीच ठरलेलं असतं, "दोन घेतो, जोडी". तर पहिलंच सांगून टाकते, दोन नको, तीन तर अजिबातच नको. कमीत कमी ५, शक्यतो ६, आणि तुमच्या टँकमध्ये ५-६ मावत नसतील तर सध्या डिस्कसच नको.

आता हे मी शहाणपणाने सांगतेय पण मी स्वतः तीनच आणले होते. तीन फुटी टँक, ३६ बाय १८ बाय १८ इंच, दुकानदार म्हणाला ताई एका फुटाला एक मासा, सोपा हिशोब. एक लाल पिजन ब्लड आणि दोन टर्कॉइज, दोन्ही डिस्कसच्याच रंगीत जाती. आठवडाभर सगळं छान, मग त्यातल्या मोठ्या टर्कॉइजने ठरवलं की खाणं पडतं तो कोपरा त्याचा. दुसरा जरा लांब राहून उरलंसुरलं खायचा, आणि तिसरा हीटरच्या मागे जाऊन उभा, दिवसरात्र तिथेच, तोंड खाली, रंग जवळजवळ काळा. मला वाटायचं थंडी वाजत असेल बिचाऱ्याला (नाशिकची डिसेंबरची थंडी, मलाही वाजत होती). महिन्याभराने जाळीने बाहेर काढला तर एका अंगाला हीटरच्या नळीएवढा पांढरा पट्टा, भाजलेला. म्हणजे मागे फिरून मार खाण्यापेक्षा भाजून घेणं त्याला परवडत होतं. तो गेला, आणि मग उरलेल्या दोघांत तेच सुरू झालं.

कारण काय, तर डिस्कस दिसायला कितीही संत वाटला तरी जातीने सिक्लिड आहे, आपल्या उजनीच्या चिलापीच्याच खानदानातला. सिक्लिड म्हणलं की मानपान आलं, कोण पहिला खाणार कोण शेवटी. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे मासे संथ पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांत घोळक्याने राहतात, तिथे दादागिरी करणारा असतोच पण त्याचा राग दहा-वीस जणांत वाटला जातो. घरात तीन ठेवले की सगळा राग एकाच्याच वाट्याला. दोन ठेवले तर विचारूच नका, ती जोडी निघाली तर नशीब, नाहीतर एकाने दुसऱ्याला उपाशी मारायचं. पाच-सहा झाले की दादाला कळतच नाही कोणाच्या मागे लागायचं, एकाला हुसकेपर्यंत दुसरा येऊन खाऊन जातो, आणि सगळे थोडे थोडे मार खाऊन सुखात राहतात.

आफ्रिकन सिक्लिडवाले हीच युक्ती टोकाला नेतात, टँक मुद्दाम गच्च भरतात म्हणजे भांडायला जागाच उरत नाही. डिस्कसमध्ये ते करू नका, कारण इथे पाणी आडवं येतं.

तर खालची मर्यादा स्वभावाची आणि वरची पाण्याची. वरच्या मर्यादेचा सगळीकडे चालणारा हिशोब म्हणजे एका मोठ्या माशाला ४० लिटर पाणी. टँकची लांबी, रुंदी, उंची इंचात गुणायची आणि ६१ ने भागायचं, लिटर येतात. माझा तीन फुटी, ३६ गुणिले १८ गुणिले १८ भागिले ६१, साधारण १९१ लिटर. पण टँक काठापर्यंत कोणी भरत नाही, आत लाकूड असतं, खडे असतात, त्यामुळे १५ टक्के वजा करा, राहिलं १६० च्या आसपास, भागिले ४० म्हणजे ४ मासे. चार! म्हणजे वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या खाली आली, विषय संपला, हा टँक मोठ्या डिस्कसचा नाही. मी दुकानात उभी राहून मोबाईलवर हे गणित केलं असतं तर तिघांचे पैसे वाचले असते.

चार बाय दीड बाय दीड फूट घेतला तर २५५ लिटर, खरं पाणी २१५ च्या आसपास, त्यात ५. चार बाय दीड आणि उंची २ फूट, ३४० लिटर, खरं पाणी २९०, त्यात ७ बसतात, मी ६ ठेवलेत आणि सातवा आणायचा मोह दर दिवाळीला होतो. चार बाय दोन बाय दोन असेल तर ९ पर्यंत जा. दोन फुटी टँकबद्दल कृपया विचारू नका. आणि उंची दीड फुटाच्या खाली नको, हा मासा थाळीसारखा उभा असतो, मोठा झाला की ६ इंच सहज, पंख धरून आणखी उंच. हो, आणि २९० लिटर पाणी म्हणजे २९० किलो, वर काच, लाकूड, स्टँड, ते भिंतीला लागून ठेवा, गॅलरीत नको.

काहीजण तीन फुटीमध्येही ५ मोठे ठेवतात, तळाला खडे नाहीत, झाडं नाहीत, नुसती काच आणि रोज निम्मं पाणी बदलायचं. जमतं. पण ते लोक ऑफिसमधून आल्यावर आधी पाइप हातात घेतात मग चहा.

आणि इथेच खरा मुद्दा आहे. ४० लिटर हे माशाला फिरायला जागा म्हणून नाहीये हो, ते घाण पातळ करायला आहे. डिस्कसला पाणी लागतं २८ ते ३० डिग्री, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात खाणं सगळं मांसाहारी, हार्ट मिक्स (जनावराच्या काळजाचा खिमा), ब्लडवर्म (लाल अळ्या), प्रोटीन जास्त म्हणजे अमोनिया जास्त, आणि पाणी जितकं गरम आणि पीएच जितका वर (म्हणजे पाणी जितकं कमी आम्लधर्मी) तितका तोच अमोनिया जास्त विषारी. फिल्टर त्याचं नायट्रेट करतो पण नायट्रेट टँकमध्येच साचत राहतं, ते बाहेर न्यायला बादलीच लागते. म्हणून मी म्हणते टँकचे फूट नंतर मोजा, आधी बादल्या मोजा. माझ्या टँकला ४० टक्के बदलायचं म्हणजे ११५-१२० लिटर, २० लिटरच्या ६ बादल्या बाहेर आणि ६ आत, हे आठवड्यातून दोनदा. एखाद्या वेळी नाही केलं तरी चालतं का, चालतं, एकदा. सलग तीन आठवडे नाही केलं की मासे कोपऱ्यात जमतात आणि खाणं बघून तोंड फिरवतात. ज्याला आठवड्याला १२ बादल्या जमत नाहीत त्याने सहा डिस्कस ठेवू नयेत, टँक स्विमिंग पूलएवढा असला तरी.

आमच्या सासूबाई पहिल्या महिन्यात म्हणाल्या होत्या, एवढ्या पाण्यात चार घरची धुणी झाली असती. आता तेच पाणी त्यांच्या मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला जातं आणि पाणी बदलायला उशीर झाला की त्याच आठवण करतात, झाडांना हवं असतं ना.

पाणी आणायचं कुठून ते पण संख्येशीच जोडलेलं आहे. आमच्याकडे गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं, ते मऊ असतं, काही त्रास नाही, फक्त क्लोरीन काढावं लागतं. मी बाथरूमबाहेर २०० लिटरचा निळा ड्रम ठेवलाय, आदल्या दिवशी भरायचा, अँटी-क्लोरीनचे थेंब, एक एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रभर, आणि थंडीत त्यात एक हीटर, कारण जानेवारीत नळाचं पाणी बोटं आखडतील इतकं गार असतं आणि ते थेट ओतलं तर मासे दुसऱ्या दिवशी आडवे. आता ड्रमच २०० लिटरचा आहे म्हटल्यावर मी एका वेळी १२० च्या वर बदलूच शकत नाही (बाकीचं घरात लागतं), म्हणजे माझ्या माशांची संख्या त्या ड्रमनेही ठरवलीय. मे महिन्यात टँकर आला की तो बोअरचा असतो, टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) घातला की आकडा तिप्पट. अशा वेळी एकदम ४० टक्के नको, रोज थोडं थोडं, १० टक्के, आणि खाणं कमी. फार्मवर वाढलेले डिस्कस साडेसातपर्यंतचा पीएच सहन करतात, त्यांना रोज बदलणारा पीएच सहन होत नाही, म्हणून पीएच खाली आणायच्या बाटल्यांच्या नादी लागू नका. रानातून पकडून आणलेले असतील तर वेगळी गोष्ट, त्यांना खरंच मऊ आणि आम्लधर्मी पाणी लागतं, ते नवख्याने घेऊच नयेत.

पिल्लांचं गणित वेगळं. दोन-अडीच इंची पिल्लं स्वस्त मिळतात आणि चार फुटीमध्ये दहा सोडली तरी रिकामं वाटतं. चालेल, पण तात्पुरतं. त्यांना दिवसातून चार-पाच वेळा खायला लागतं आणि म्हणून पाणी रोज बदलायला लागतं, रोज म्हणजे रोज. हे नाही झालं तर मासा मरत नाही, खुरटतो, अंग लहान राहतं आणि डोळा मात्र वाढत राहतो, मग चेहऱ्यावर बटण शिवल्यासारखा दिसतो आणि ते नंतर कितीही खायला घाला सुधारत नाही. दुकानात पण हेच बघा, अंगाच्या मानाने डोळा मोठा दिसला की तो मासा वयाने मोठा आहे, आकाराने नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने सरळ साडेतीन-चार इंची ६ घ्यावेत. महाग पडतील, पण निम्मी वाढ दुसऱ्याने करून दिलेली असते.

सहाच्या सहा एकाच दिवशी, एकाच टाकीतून, एकाच मापाचे घ्या. दोन इकडून चार तिकडून करू नका, प्रत्येक ठिकाणचे जंतू वेगळे, तिथल्या माशांना सवय असते, दुसऱ्यांना नसते, आणि एकत्र आले की चार-पाच दिवसांत सगळे काळे पडून अंगावर शेवाळ्यासारखी बुळबुळ येते, एकदा बघितलंय, पुन्हा बघायचं नाही. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. पुढे येऊन खातो तो घ्या, दोन्ही कल्ले हलतायत का बघा, शी काळपट हवी, पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल तर हात जोडून निघा. अंगावर उभे काळे पट्टे गडद उठलेले असतील तर घाबरलेला आहे, पण पिजन ब्लड जातीत हे पट्टे दिसतच नाहीत, त्यामुळे लाल-केशरी मासा "बघा किती फ्रेश" म्हणून गळ्यात मारतात त्याला भुलू नका, त्याचं खाणं बघा.

आणि नंतर एकटा सातवा आणणं म्हणजे भरलेल्या लोकलमध्ये चौथी सीट मागण्यासारखं आहे, सगळे आधी खालून वर बघणार. आणायचाच असेल तर वेगळ्या टाकीत किमान ४ आठवडे ठेवा, त्याची जाळी वेगळी, पाइप वेगळा, मग सोडायच्या दिवशी मोठ्या टँकमधली लाकडं इकडची तिकडे करा म्हणजे जुन्यांनाही घर नवीन वाटतं, लाईट बंद, आणि सोडायच्या आधी जुन्यांची पोटं भरलेली असू द्या.

बाकीचे मासे मोजायचे का, तर हो, थोडे. १५ कार्डिनल टेट्रा, ५-६ स्टर्बाय कोरीडोरास, हे गरम पाण्यात राहतात आणि घाण फार करत नाहीत. एंजल नको, खाण्यावर तुटून पडतात आणि सोबत परजीवी आणतात. साधा प्लेको तर नकोच, "काच साफ करतो" म्हणून देतात आणि तो मोठा झाला की रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून चिकट थर चाटतो.

आता जोडीचं. लहानपणी नर-मादी ओळखू येत नाही, कोणी ओळखून देतो म्हणाला तर हसून सोडून द्या. पण ६ घेतले तर सगळे एकाच लिंगाचे निघायची शक्यता ३२ त एक, चार घेतले तर ८ त एक, त्यामुळे सहात जोडी बहुतेक जमतेच. जमली की तुम्हाला कळेल, दोघं मिळून फिल्टरचा पाइप नाहीतर एखादा उभा दगड चाटूनपुसून साफ करतील आणि बाकी चौघांना पलीकडच्या टोकाला हाकलून देतील, चार फुटांतले अडीच फूट दोघांचे. पिल्लं काढायची नसतील तर काही करू नका, अंडी बाकीचे खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत सगळं शांत. काढायची असतील तर त्या दोघांना दीड फुटाच्या चौकोनी टाकीत हलवा, तिथे पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन मोठी होतात, ते एकदा बघाच. मागे राहिलेल्या चौघांवर मात्र लक्ष ठेवा, ओळखीचे असतात म्हणून बहुतेक निभावतात, पण एखादा काळा पडून कोपरा धरायला लागला तर जोडीला परत आणायची वेळ झाली.

एखादा गेला आणि ५ उरले तर घाईने भरती करू नका, पाच छान राहतात. तीनवर आले तर मात्र एकदम तीन आणा, त्याच मापाचे.

टँक अजून घेतलेला नसेल तर माझ्या मैत्रिणीला सांगितलं तेच सांगते. टँक जिथे ठेवणार तिथे एक खुर्ची ठेवायची आणि दोन आठवडे, दर बुधवारी आणि रविवारी, बाथरूमपासून खुर्चीपर्यंत ६ भरलेल्या बादल्या न्यायच्या आणि ६ परत आणायच्या, फरशी न भिजवता. तिने दोन वेळा केलं आणि दुसऱ्या बुधवारी फोन करून विचारलं, गप्पी किती ठेवायचे.