परसातील कोंबड्यांची खरेदी आणि गावातच अंडीविक्री : मराठवाड्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावरचा सल्ला

मृगाच्या पेरणीची लगबग सुरू असते, तोच परसात नव्या कोंबड्या आणण्याचाही योग्य काळ असतो. पाच-सहा आठवड्यांची पिल्ले जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घरी आली, तर ती साधारण सहा महिन्यांची होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात अंड्यावर येतात. श्रावण, गणपती आणि नवरात्र हे अंड्यांच्या मंदीचे दिवस त्यांच्या वाढीत निघून जातात आणि थंडीची मागणी सुरू होते तेव्हा घरात अंडी तयार असतात. याउलट दिवाळीनंतर आणलेली पिल्ले ऐन वैशाखाच्या तोंडावर अंड्यावर येतात. त्या वेळी पारा ४२ अंशांच्या पुढे असतो, कोंबडी खाणे कमी करते, अंड्याचे कवच पातळ होते आणि गिऱ्हाईकही हात आखडता घेते.

कोंबड्या किती घ्याव्यात, हे खुराड्याच्या आकारावरून नव्हे, तर गिऱ्हाइकांवरून ठरवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सुधारित जातीच्या दहा माद्या परसात चांगल्या सांभाळल्या, तर भर हंगामात रोज सरासरी पाच अंडी धरावीत, म्हणजे आठवड्याला पस्तीस. त्यातली दहा-बारा घरच्या मुलाबाळांच्या पोटात जावीत, आणि ती गेलीच पाहिजेत. उरतात दोन डझन. एवढी अंडी गल्लीतली पाच-सहा घरे सहज उचलतात. बाळंतीण असलेले घर, शाळेतील शिक्षक, तालमीत जाणारी मुले, रस्त्यावरची आम्लेट-पावाची गाडी यांच्याशी पिल्ले आणण्याआधीच बोलून ठेवावे आणि खात्रीची घरे मोजून मगच माद्यांचा आकडा ठरवावा. पहिल्याच वर्षी पन्नास कोंबड्या घेतल्या, की अंडी विकायला व्यापारी शोधावा लागतो. मग भाव त्याचा चालतो आणि गावरान अंड्याला मिळणारा जास्तीचा पैसा हातचा जातो.

जातीची निवडही याच हिशेबाने करावी. अंड्यांसाठी ग्रामप्रिया चांगली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती परसातील पालनासाठीच तयार केली आहे. वनराज आणि गिरीराज अंगाने भरतात, त्यामुळे ज्यांना अंड्यांबरोबर नरही विकायचे आहेत त्यांच्यासाठी त्या बऱ्या. आपली अस्सल गावरान कोंबडी वर्षाला पन्नास ते सत्तरच अंडी देते, पण ती खुडूक बसते, पिल्ले काढते आणि घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. सुधारित जाती सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून कळपात दोन-तीन गावरान माद्या असाव्यातच. कडकनाथच्या अंड्याला भाव चढा सांगतात, परंतु गावात तो देणारी घरे किती आहेत, हे पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. पावसाळी हवेत आणि विजेच्या लपंडावात ती राखणे नवख्या माणसाला जड जाते, म्हणून ऊब देण्याचा काळ संपलेली, लसी झालेली पिल्ले किंवा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, घ्याव्यात. त्या महाग वाटल्या तरी मरतुकीचा हिशेब धरता स्वस्तच पडतात. छत्रपती संभाजीनगर येथे पशुसंवर्धन विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत, तसेच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात पिल्लांबाबत व खात्रीच्या पुरवठादारांबाबत विचारणा करावी. तलंगा गटवाटपाच्या शासकीय योजनेसाठी पंचायत समितीतील पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे वेळेत चौकशी करावी. सायकलवर किंवा टेम्पोत गावोगाव येणारी हिरवी-गुलाबी रंगवलेली स्वस्त पिल्ले मात्र घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीचे, उबवणी केंद्रातून वेगळे काढलेले नर असतात, त्यांच्याकडून अंडे कधीच मिळणार नसते आणि लसीकरणाचा पत्ता नसतो.

बाजारातून मोठी कोंबडी घेताना ती हातात धरूनच पाहावी. डोळे पाणीदार आणि उघडे, नाकपुड्या कोरड्या, गुदद्वाराजवळची पिसे स्वच्छ, तुरा लाल असावा, आणि छातीजवळ कान नेला असता घरघर ऐकू येऊ नये. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोके लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सहज बसली तर कोंबडी अंड्यावर आहे, जेमतेम एक बोट बसले तर ती अंडी देत नाही, मग विकणारा काहीही सांगो. नवीन आणलेली कोंबडी तीन आठवडे जुन्या कळपापासून दूर ठेवावी, तिचे पाण्याचे भांडेही वेगळे असावे आणि तिला चारापाणी सर्वांत शेवटी घालावे.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, एका आठवड्यात अख्खे खुराडे रिकामे करतो आणि त्यावर औषध नाही, लसच आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांच्या सुमारास देवीची आणि आठ-दहा आठवड्यांनी आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस असा साधारण क्रम असतो. यातले काय झाले आणि काय राहिले, ते विकणाऱ्याकडून तारखांसह लिहून घ्यावे. लसीची कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून दहा-बारा घरांनी एकच दिवस ठरवून, बर्फात आणलेली लस पशुवैद्यकांच्या हातून सकाळच्या गारव्यात टोचून घ्यावी.

खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावे, प्रत्येक कोंबडीला किमान एक ते दीड चौरस फूट जागा मिळावी आणि मुंगूस शिरेल एवढी फट कोठेही राहू नये. पावसाळ्यात खाली अंथरलेला भुसा किंवा भुईमुगाची टरफले ओली राहिली, की रक्ती हगवण आलीच समजावी. रोज वरखाली करून ओला भाग काढून टाकावा.

खाद्याबाबत मराठवाड्यातील घरांनी विशेष काळजी घ्यावी, कारण धोका आपल्याच घरात पडलेला असतो. पेरणीच्या दिवसांत थायरमसारख्या औषधाची बीजप्रक्रिया केलेले लाल-गुलाबी बियाणे बांधावर, अंगणात सांडते आणि कोंबड्या ते वेचून खातात. थायरममुळे मादी मऊ कवचाची अंडी घालू लागते आणि वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात, म्हणून पेरणी संपेपर्यंत कोंबड्या शेताकडे सोडू नयेत आणि उरलेले बियाणे त्यांच्यापुढे टाकू नये. दाणेदार कीटकनाशकाचे तर दोन-चार दाणेही जीव घेतात. घरोघरी पोत्यांनी असलेले सोयाबीन कच्चे घालू नये, कारण त्यातील घटक प्रथिने पचू देत नाहीत आणि पिल्ले खुरटतात. नीट भाजून, भरडून, इतर धान्यात मिसळून ते चालते. सरकी पेंड अंड्यावरच्या कोंबडीला देऊच नये, तिच्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि एकदा असे अंडे गेले की ते घर परत येत नाही. बुरशी लागलेला मका म्हणजे सरळ विष.

दिवसभर मोकळी चरणारी कोंबडी किडे आणि हिरवा पाला स्वतः मिळवते. संध्याकाळी तिला ज्वारी, भरडलेला मका आणि थोडी भाजलेल्या सोयाबीनची भरड मिळून चाळीस-पन्नास ग्रॅम द्यावी. शेवग्याचा पाला आणि लसूणघास यांनी बलक गडद पिवळा होतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवावा, मात्र तो अंड्यावर आलेल्या माद्यांपुरताच. पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे जास्त चुन्याचे खाद्य दिल्यास त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. तेव्हा अंड्यावर आलेल्या माद्यांसाठी पहाटे तीन-साडेतीन तास छोटा दिवा लावला, तर अंडी टिकून राहतात.

अंडी येण्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्ले काढण्यासाठी हवा. फळलेल्या अंड्यात वीस-एकवीस अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढू लागतो, आणि आपल्या उन्हाळ्यात घरातली हवा याहून कितीतरी गरम असते. म्हणून फाल्गुनापासून विक्रीच्या माद्यांमधून कोंबडा वेगळा काढावा, नाहीतर गिऱ्हाइकाने फोडलेल्या अंड्यात रक्ताची रेघ निघते. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत, थंड पाण्याने धुऊ नयेत, कोरड्या फडक्याने पुसून निमुळते टोक खाली करून ठेवावीत. ओल्या वाळूत बसवलेला माठ, तोंडावर ओले फडके आणि सावलीची जागा एवढ्यावर उन्हाळ्यात पाच-सहा दिवस निभावतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. अंधारात मोबाइलच्या बॅटरीवर धरून तडा किंवा डाग दिसणारे अंडे बाजूला काढावे.

भाव ठरवताना दुकानातील पांढऱ्या अंड्याचा दर आणि आठवडी बाजारातील गावरान अंड्याचा दर दोन्ही पाहावेत. अंडे ग्रामप्रियाचे असेल तर ते ग्रामप्रियाचेच म्हणून विकावे. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, त्यावरून पौष्टिकता ठरत नाही. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून खपवणाऱ्यांमुळे प्रामाणिक घरांचाही भाव पडतो. आपल्या गिऱ्हाइकाने कधीही अंगणात येऊन कोंबड्या पाहाव्यात, एवढे दार उघडे असावे. फुटके किंवा बिघडलेले अंडे निघाल्यास वाद न घालता बदलून द्यावे. मार्गशीर्षात गुरुवारी अनेक घरे अंडे घेत नाहीत, तेव्हा पोहोचवण्याचे वार आधीच ठरवावेत.

हिवाळ्यात बर्ड फ्लूची शक्यता असते. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांत आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांत तो आढळला होता. एकदम अनेक पक्षी दगावले तर ते उकिरड्यावर न टाकता, न विकता, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि हातमोज्याशिवाय शिवू नये.

पुढील वर्षीच्या आखाडात मटणाला आणि गावरान कोंबड्याला तेजी असते, तेव्हा वर सांगितलेली बोटांची परीक्षा करून अंडी कमी देणाऱ्या माद्या आणि जास्तीचे नर श्रावणाआधी विकावेत. चांगल्या माद्या दिवाळीपर्यंत ठेवाव्यात. नव्या तलंगा येण्याआधी त्यांच्यासाठीचे खुराडे स्वच्छ खरवडून, चुना मारून, दोन आठवडे मोकळे ठेवावे.