सीचं संदर्भपुस्तक: दुकानात उभ्या उभ्या काय तपासायचं

"दादा, सी प्रोग्रामिंग शिकायला कोणतं पुस्तक घेऊ?" असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो, वाचायला हवंय की शोधायला? ही दोन वेगळी पुस्तकं असतात आणि नव्या मुलांचा निम्मा गोंधळ इथेच होतो. वाचायचं पुस्तक पहिल्या पानापासून बोट धरून नेतं, उदाहरणं सोपी ठेवतं, अवघड भाग मुद्दाम पुढे ढकलतं. संदर्भपुस्तक आपण मधूनच उघडतो. प्रोग्राम अडलेला असतो, डोकं तापलेलं असतं आणि उत्तर दोन मिनिटांत सापडायला हवं असतं.

तिसरा प्रकार म्हणजे सिलॅबसप्रमाणे युनिटवार छापलेली पुस्तकं. त्यांना मी नाकं मुरडत नाही, पास तर व्हायचंच असतं. परीक्षेच्या आधी घ्या, पेपर झाला की जुन्या पुस्तकवाल्याला देऊन टाका.

मी गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सी लिहितो, म्हणून उदाहरणं सीचीच देतोय.

पहिल्या वाचनासाठी आपल्याकडे बहुतेकांच्या हातात येतं ते नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. बोलल्यासारखी इंग्रजी आणि भरपूर सरावप्रश्न, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ते झेपतं. फक्त आवृत्ती नवी घ्या. जुन्या आवृत्त्या टर्बो सी हा जुना कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर) डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या आहेत आणि त्यातले स्क्रीन पुसायचे वगैरे फंक्शन आजच्या जीसीसी कंपायलरवर चालत नाहीत.

संदर्भासाठी मात्र माझ्या टेबलावर 'के अँड आर' असतं. म्हणजे ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची या दोघांचं 'द सी प्रोग्रामिंग लँग्वेज'. रिचींनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली, म्हणजे भाषा ज्याने केली त्याच्याच हातचं पुस्तक. पहिली आवृत्ती १९७८ची, दुसरी १९८८ची. तीनशेच्या आत पानं, आठ प्रकरणं आणि शेवटी परिशिष्टं. भाषेचे नियम परिशिष्ट 'ए'मध्ये, लायब्ररीतले फंक्शन परिशिष्ट 'बी'मध्ये. सीनियर लोक हे पुस्तक फर्स्ट इयरच्या मुलांना बिनदिक्कत सुचवतात, ते मला पटत नाही. ज्याला दुसऱ्या एखाद्या भाषेत लूप आणि फंक्शन लिहिता येतात, त्याच्यासाठी ते लिहिलंय. एकेका वाक्यात इतका माल भरलाय की नवखा माणूस पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) प्रकरणात अडकतो आणि 'आपल्याला हे जमणार नाही' असं ठरवून मोकळा होतो. आधी सोप्या पुस्तकातून शंभरेक छोटे प्रोग्राम हाताने टाइप करा, मग याच्याकडे वळा.

पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळताना एक खूण लक्षात ठेवा. कुठलंही फंक्शन उघडा. कंसात नुसती नावं आणि त्यांचे प्रकार कंसाबाहेर, खालच्या ओळीवर लिहिलेले दिसले, तर ते पुस्तक १९८९च्या अँसी स्टँडर्डच्या, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमावलीच्या, आधीच्या पद्धतीचं आहे. के अँड आरची पहिली आवृत्ती अशीच आहे. ती आठवण म्हणून जरूर घ्या, पण अभ्यासाला नको. फंक्शन लिहायची ही जुनी रीत सी-२३ या ताज्या स्टँडर्डने भाषेतून काढूनच टाकली आहे. दुसरी खूण म्हणजे, 'व्हेरिएबल ब्लॉकच्या सुरुवातीलाच जाहीर करावे लागतात' असं नियम म्हणून सांगितलं असेल, तर पुस्तक सी-९९च्या मागे राहिलंय. १९९९पासून फॉर लूपच्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करता येतो.

आता माझी आवडती परीक्षा. सी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात हा त्रास होतोच. प्रोग्राम आधी एक आकडा विचारतो, मग 'पुढे जायचं का, वाय की एन' असं एक अक्षर विचारतो. तुम्ही ५ टाइप करून एंटर दाबता. अक्षर विचारायची ओळ येते आणि उत्तराची वाटही न बघता प्रोग्राम पुढे निघून जातो. कारण साधं आहे. पहिल्या स्कॅनएफने (इनपुट वाचणाऱ्या फंक्शनने) ५ उचलला, एंटरची न्यूलाइन बफरमध्येच (इनपुट साठून राहतं त्या जागेत) राहिली. दुसऱ्या स्कॅनएफला कोणतंही एक अक्षर चालतं, त्याने ती न्यूलाइनच उचलली.

दुकानातल्या पुस्तकात ही गोष्ट शोधा. काही पुस्तकांत तिचा उल्लेखच नसतो. काहींमध्ये 'मधे एफफ्लश करून एसटीडीइन (कीबोर्डवरून येणारं इनपुट) रिकामं करा' असा उपाय दिलेला असतो. तो टर्बो सीवर चालायचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लॅबच्या जर्नलांमधून उतरत आलाय. पण एफफ्लश हे आउटपुटसाठी आहे. इनपुटवर वापरलं तर काय होईल हे भाषा सांगतच नाही आणि लिनक्सच्या टर्मिनलवर हा उपाय कामाला येत नाही. के अँड आरच्या परिशिष्ट 'बी'त हे एका ओळीत स्वच्छ लिहिलंय. चांगलं पुस्तक आधी बफरमध्ये काय उरलं ते दाखवतं, मग सांगतं की दुसऱ्या स्कॅनएफमध्ये टक्क्याच्या चिन्हाआधी एक मोकळी जागा सोडा, म्हणजे उरलेली न्यूलाइन गिळली जाईल. किंवा सरळ एफगेट्सने अख्खी ओळ वाचून घ्या. नुसता उपाय देणारं पुस्तक आणि कारण देणारं पुस्तक यातला फरक या एका पानावर कळतो.

दुसरी जागा इंटच्या, म्हणजे पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकाराच्या, आकाराची. 'इंट दोन बाइटचा, कमाल ३२,७६७' असं ठामपणे छापलं असेल तर ते टर्बो सीच्या जमान्यातलं. पण 'इंट चार बाइटचा' असं तितक्याच ठामपणे म्हणणारं नवं पुस्तकही मला चालत नाही. लॅपटॉपवर तो चार बाइटचा असतो, २,१४,७४,८३,६४७पर्यंत जातो. आर्डुइनो उनो आर-३ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर तोच इंट आजही दोन बाइटचा आहे. 'किमान १६ बिट, बाकी मशीन आणि कंपायलरवर अवलंबून' इतकं लिहिणारा लेखक इतर ठिकाणीही जपून लिहितो, असा माझा अनुभव आहे.

आणि ते प्रसिद्ध 'आउटपुट सांगा' प्रश्न! एकाच प्रिंटएफमध्ये (स्क्रीनवर छापणाऱ्या फंक्शनमध्ये) आय, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय. उजवीकडून डावीकडे सोडवायचं, अशी युक्ती शिकवणारी पुस्तकं ढिगाने मिळतात. खरं उत्तर असं की स्टँडर्डने याचा अर्थच ठरवलेला नाही, कंपायलर काहीही देऊ शकतो. कॅम्पस इंटरव्ह्यूत अजूनही हे विचारतात. तिथे 'अनडिफाइन्ड बिहेवियर आहे' असं सांगा, समोरचा हटून बसला तर त्याला हवं ते उत्तरही देऊन टाका. पण पैसे देऊन घेतलेल्या पुस्तकाने तरी ही युक्ती शिकवू नये.

विकत घेण्याआधी मागची सूची बघा, पुढची अनुक्रमणिका नव्हे. अनुक्रमणिका सगळ्यांची सारखीच असते. सूचीत रीअलॉक (घेतलेल्या मेमरीचा आकार बदलणारं फंक्शन) सापडतं का? सापडलं तर त्या पानावर 'मेमरी मिळाली नाही तर नल (कुठेच न दाखवणारा पॉइंटर) येतं आणि जुनी जागा तशीच राहते' हे लिहिलंय का? सूचीच नसलेलं, किंवा दीड पानात उरकलेलं पुस्तक शोधायच्या कामाचं नाही, मग ते हजार पानांचं का असेना.

कोणतंही एक पुस्तक देव मानू नका, के अँड आरसुद्धा. दुसऱ्या आवृत्तीत गेट्स हे फंक्शन आहे. ते इनपुट किती लांब आहे हे न बघता भरत सुटतं. ती आवृत्ती आली त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८८मध्ये, मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवर धुमाकूळ घातला आणि त्याने वापरलेल्या फटींपैकी एक म्हणजे फिंगर सर्व्हरमधलं (दुसऱ्या मशीनवरच्या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्राममधलं) हेच गेट्स. शेवटी २०११च्या स्टँडर्डने ते लायब्ररीतून काढलं. माझ्या प्रतीत त्या पानावर पेनाने काट मारून शेजारी 'एफगेट्स' लिहून ठेवलंय. अशा दुरुस्त्या करत राहिलात तर जुनं पुस्तकही कामाचं राहतं. लिनक्स असेल तर टर्मिनलवर 'मॅन' लिहून पुढे फंक्शनचं नाव द्या. फुकटात इतका नेमका संदर्भ दुसरीकडे क्वचितच मिळतो. चोरून फिरणाऱ्या पीडीएफबद्दल इतकंच म्हणेन की त्या बहुधा जुन्याच आवृत्तीच्या असतात.

पायथन किंवा जावा शिकणाऱ्यांनीही हेच करायचं, खुणा तेवढ्या वेगळ्या. पायथनच्या पुस्तकात प्रिंटनंतर कंस नसेल तर ते पायथन २चं, आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२०लाच संपलाय. एफ-स्ट्रिंग (मजकुरातच व्हेरिएबल बसवायची सोय) कुठेच दिसत नसेल तर ते ३.६च्या, म्हणजे २०१६अखेरच्या आधीचं असण्याची शक्यता जास्त. जावाच्या सूचीत लॅम्डा (नाव न देता लिहिलेलं फंक्शन) सापडला नाही, तर पुस्तक २०१४च्या जावा ८पर्यंतही पोचलेलं नाही. जागेवर ठेवून द्या.