सोन्याच्या नॅनोकणांवर औषध चढवताना या चुका टाळा

पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की सोन्याच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध चढवणारी मुलं हमखास भेटतात, आणि चुका दरवर्षी त्याच. मला सगळ्यात खटकणारी आधी सांगते.

नाहीसं झालेलं औषध म्हणजे चढलेलं औषध नव्हे. कण आणि औषध एकत्र करायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून कण तळाशी बसवायचे, वरच्या द्रावणात उरलेलं औषध मोजायचं आणि घातलेल्यातून वजा करायचं, की झालं ‘लोडिंग’, म्हणजे कणांवर चढलेलं औषध! एका मुलीचं असं लोडिंग नव्वद टक्क्यांच्या वर आलं होतं. पोस्टर छापायला जाणार होतं. मी विचारलं, “सोनं न घातलेली ट्यूब कुठंय?” ती म्हणाली, “मॅडम, सगळे असंच करतात.” संध्याकाळी तीच बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), तेवढंच औषध, तोच वेग, फक्त कण नाहीत, अशी ट्यूब लावायला लावली. त्या ट्यूबमधूनही बरंचसं औषध ‘नाहीसं’ झालं. डॉक्सोरुबिसिन प्लॅस्टिकला चिकटतं, आणि फॉस्फेट बफरमध्ये त्याचे रेणू एकमेकांना धरून तळाशीही बसतात. वजाबाकीला यातलं काहीच कळत नाही. पोस्टर थांबलं, आकडा बदलला, आणि मला त्याचा आनंदच झाला. कारण असल्या आकड्यावरूनच पुढे पेशींना किंवा उंदरांना द्यायचा डोस ठरतो.

म्हणून कणांविना ट्यूब प्रत्येक वेळी लावा. पेलेटमधलं, म्हणजे तळाशी बसलेल्या कणांच्या गोळ्यातलं, औषध सोडवून तेही मोजा. वरचं, खालचं आणि ट्यूबला चिकटलेलं यांची बेरीज घातलेल्या औषधाशी जुळली, तरच माझ्याकडे आकडा घेऊन या. वरच्या द्रावणात गुलाबी छटा आहे का तेही बघा. डॉक्सोरुबिसिन ४८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, सोन्याचे कण ५२० च्या आसपास. थोडे कण मागे राहिले तरी रीडिंग बिघडतं.

काचेची भांडी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवा, फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात. साबण पुरत नाही.

दुसरी चूक घाईची. १९५१ च्या टर्केविच पद्धतीने, म्हणजे सोन्याचा क्षार सायट्रेटसोबत उकळून, केलेले कण सायट्रेटच्या ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. त्यात थेट पीबीएस (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) ओतलं की मीठ तो भार झाकून टाकतं आणि लाल द्रावण बघता बघता जांभळं-निळं होतं. मग सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) कितीही ठेवा, ते कण परत सुटे होत नाहीत. आधी थायॉलवालं पीईजी (सोन्याला गंधकाच्या टोकाने चिकटणारं पॉलिमर) लावा आणि रात्रभर ढवळत ठेवा. अर्ध्या तासात कोटिंग उरकणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. सकाळी थोड्या नमुन्यात १५० मिलिमोलर मीठ घाला; वर्णपटातलं शिखर जागचं हललं नाही, तरच औषधाची बाटली उघडा. धुताना वेगही बेताचा ठेवा. भिंतीवर काळपट थर बसला तर तो पुन्हा नीट विरघळत नाही.

डीएलएस, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र; त्यावरच्या एका आकड्यावर विसंबू नका. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते, त्यामुळे मोजक्या गुठळ्याही सगळं चित्र झाकतात. सोबत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो हवाच.

एमटीटी चाचणीत (रंगावरून जिवंत पेशी मोजतात ती) प्लेटमधल्या एका खळग्यात पेशींविना नुसते कण ठेवा. कणांचा स्वतःचा रंग जिवंत पेशी म्हणून मोजला जातो.

आणि वाफ थंड करणारा कंडेन्सर नळाच्या पाण्यावर चालत असेल, तर रिफ्लक्स (वाफ परत भांड्यात आणत उकळणं) लावण्याआधी त्या गुरुवारी पुण्यात पाणी बंद आहे का ते बघा.