परदेशातले गायक-वादक शोधायचे कसे? ओळखीच्या माणसाचं बोट धरून

बऱ्याच जणांना वाटतं की जगभरातलं संगीत ऐकायचं म्हणजे अ‍ॅपवर 'वर्ल्ड म्युझिक' टाकायचं आणि येईल ते ऐकायचं. करून बघा एकदा. स्पामध्ये लावतात तसलं काहीतरी सुरू होतं, बासरी, पाण्याचा आवाज, मध्येच कुणीतरी ओम म्हणतंय. हे लेबल मुळात १९८७ साली लंडनच्या एका पबमध्ये रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी बसून ठरवलं, कशाला, तर दुकानात असल्या रेकॉर्डी नेमक्या कुठल्या कप्प्यात लावायच्या हा प्रश्न मिटावा म्हणून. आता कप्प्याचं नाव शोधून माणूस कसा सापडणार? माणूस शोधायचा तर माणसाच्याच मागे जायला लागतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की आपल्याला आधीच माहीत असलेल्या कलाकारापासून सुरुवात करा आणि तो कुणाकुणाबरोबर वाजवतो ते बघा. बस. बाकी सगळं याच्या नंतर.

झाकीरभाईंचंच घ्या. तबला म्हटलं की झाकीर हुसेन हे घरोघरी माहीत, पण १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम किती जणांनी ऐकलाय? ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा ड्रमर मिकी हार्ट याने तो केला आणि त्यात झाकीरभाई आणि घटमवाले विक्कू विनायकराम तर आहेतच, पण बाकीची नावं वाचा जरा. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी, नायजेरियाचेच सिकिरू अडेपोजू, ब्राझीलचे एअर्टो मोरेरा आणि त्यांची बायको गायिका फ्लोरा पुरीम, पोर्तो रिकोचा, कोंगा हा उभा ढोल वाजवणारा जोव्हानी हिदाल्गो. म्हणजे एका अल्बमच्या पाठच्या बाजूला तीन नवीन मुलुख मिळाले, आणि तेही कुणी उगाच यादीत कोंबलेले नाहीत, ज्यांच्याबरोबर झाकीरभाईंना बसावंसं वाटलं असे लोक. याहून चांगली शिफारस कुठलं अ‍ॅप देणार सांगा.

आता यातलं एकच नाव उचलायचं. समजा सिकिरू अडेपोजू. हा माणूस टॉकिंग ड्रम वाजवतो, डमरूच्या आकाराचं पण मोठं वाद्य, काखेत धरायचं, वाकड्या काठीने वाजवायचं आणि बाजूच्या दोऱ्या हाताने आवळल्या की सूर वर चढतो, सैल सोडल्या की खाली येतो. योरुबा भाषेत शब्दाचा अर्थ सुराच्या चढउतारावर ठरतो, त्यामुळे ढोल खरोखर बोलल्यासारखा वाजतो. एवढं कळलं की यूट्यूबवर टॉकिंग ड्रम शोधायचं, मग तिथून योरुबा संगीत, त्यातले जुजू, फुजी हे प्रकार, मग जुजूवाला किंग सनी अडे, आणि मग तुम्ही लागोसमध्ये दोन दिवस तरी अडकणार हे नक्की.

दुसरी साखळी मला याहून जास्त आवडते कारण ती आपल्या घरातून निघते. शोभा गुर्टू. ठुमरी, दादरा आणि मराठी गाणीही. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू, मुंबईत वाढलेला तबलावादक, पुढे युरोपात जाऊन जॅझवाल्यांत रमला. १९८८ च्या त्याच्या 'उसफ्रेत' अल्बममध्ये आई गातेय आणि ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे, हे ऐकताना पहिल्यांदा जरा चक्रावायला होतं आणि मग सवय होते. पुढे त्याच त्रिलोकने 'आफ्रिकन फँटसी' नावाचा अल्बम केला, त्यात बेनिनची अँजेलिक किजो आणि मालीची उमू संगारे. म्हणजे शोभाताईंच्या ठुमरीपासून उमू संगारेपर्यंत फक्त दोन पावलं! उमूचा आवाज एकदा ऐकाच, वासुलू या दक्षिण मालीच्या भागातली गायकी, आणि गाणी बायकांच्या बाजूने ठणकावून बोलणारी, जबरदस्तीची लग्नं, सवती वगैरे विषयांवर.

तिसरी साखळी सतारवाल्यांसाठी. शुजात खान ऐकता ना? ते आणि इराणचे केहान कल्होर यांनी मिळून 'गझल' नावाचा ग्रुप केला होता. कल्होर कमान्चे वाजवतात, म्हणजे मांडीवर उभं धरून गजाने वाजवायचं छोटं वाद्य, सारंगी आवडणाऱ्याला हे पहिल्याच मिनिटाला पटतं. मग कल्होरांनी तुर्कस्तानच्या एर्दाल एर्झिंजानबरोबर वाजवलंय, तो बाग्लामा हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजवतो, आणि मालीच्या तुमानी जबातेबरोबरही अल्बम आहे २०२३ चा. आपल्या सतारीपासून इराण, तिथून तुर्कस्तान, तिथून मालीची राजधानी बामाको, एका माणसाच्या ओळखीवर.

ही नावं सापडतात कुठे? स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नीट सापडत नाहीत, तिथे मुख्य कलाकाराचं नाव मोठं आणि बाकीचे गायब. डिस्कॉग्ज नावाची साइट आहे, जुन्या रेकॉर्डी विकणारे-घेणारे लोक तिथे प्रत्येक अल्बमची कुंडली भरून ठेवतात, कुणी कुठलं वाद्य वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं, कुठल्या कंपनीने काढलं, सगळं. त्यातल्या वादकाच्या नावावर क्लिक केलं की त्याने आयुष्यात जिथे जिथे वाजवलं त्या अल्बमांची यादी येते. विकिपीडियावरही अल्बमच्या पानाखाली वादकांची यादी असते पण सगळ्यांची नसते.

आता साखळी सोडून दुसरा रस्ता, रेडिओ. रेडिओ गार्डन नावाची साइट आणि अ‍ॅप आहे, पृथ्वीचा गोल दिसतो, त्यावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ लाइव्ह सुरू. नवीन माणूस काय करतो, तर दर दहा सेकंदाला देश बदलतो, पाच मिनिटांत तीस देश आणि लक्षात एकही राहत नाही. तसं नका करू. एक गाव धरा आणि तिथली वेळ बघून लावा. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे बामाकोत संध्याकाळचे सहा. ब्राझीलच्या साल्वादोरमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे चहा ठेवताना लावायला एकदम बरोबर. बातम्या, जाहिराती येणार, येऊ द्या, मोठ्या राजधानीतल्या हिट गाण्यांच्या स्टेशनवर बऱ्याचदा तेच इंग्रजी पॉप वाजतं म्हणून छोट्या गावांचे ठिपके जास्त कामाचे. दुसऱ्या फोनवर शझाम हे गाणं ओळखणारं अ‍ॅप उघडं ठेवा, गाणं आवडलं की लगेच नाव टिपायचं. शझामला नाही सापडलं तर निवेदक काय बोलला ते रेकॉर्ड करून ठेवायचं, नंतर निवांत शोधता येतं.

शोधताना एक युक्ती, ही फार कमी लोक वापरतात. इंग्रजी स्पेलिंगने शोधलं की पर्यटकांसाठीचे व्हिडिओ वर येतात. त्याऐवजी वाद्याचं किंवा गायकाचं विकिपीडियाचं पान उघडा, भाषांच्या यादीतून त्या देशाची भाषा निवडा, तिथून वरचं नाव त्यांच्याच लिपीत कॉपी करा आणि यूट्यूबवर पेस्ट करा. आर्मेनियाचं दुदुक घ्या, जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य, शहनाईसारखं फुंकायचं पण आवाज अगदी मऊ. इंग्रजीत शोधाल तर 'रिलॅक्सिंग दुदुक तीन तास' असलं काहीतरी निघेल, आर्मेनियन लिपीत टाकलं की लग्नातलं, टीव्हीवरचं, कुणाच्या तरी गच्चीवरचं वाजवणं निघतं. अक्षर एक वाचता येत नाही, काही बिघडत नाही. (आणि दुदुकमध्ये जिवान गास्पारियान हे नाव आधी ऐका, मग बाकीचे.)

आता माझा थोडा हट्टी मुद्दा. रोज एक देश, वर्षात सगळं जग, असली चॅलेंजं असतात ना, माझं मत त्यांच्या विरोधात आहे. महिनाभर एकच देश ऐका. कान तयार व्हायला वेळ लागतो राव, आपल्याकडेही पहिल्यांदा ख्याल ऐकणाऱ्याला अर्धा तास काही घडतच नाहीये असं वाटतं की.

पहिला महिना कुठला म्हणाल तर मी इथिओपिया सांगेन आणि त्याला कारण आहे. तिथल्या बऱ्याचशा गाण्यांची चाल पाच सुरांची असते. त्यातला तिझिता हा प्रकार घ्या, त्याचा एक मेजर अवतार आहे ज्यात सूर लागतात सा रे ग प ध, म्हणजे चक्क आपला भूप. पण ऐकायला भूप नाही वाटत! आंदोलनं वेगळी, गळा वेगळा फिरतो, मागे सॅक्सोफोन आणि ऑर्गन, ताल झुलता. ओळखीचं आणि अनोळखी एकाच वेळी, त्यामुळे आपल्या कानाला दार पटकन उघडतं. मुलातू अस्तात्केपासून सुरू करा, त्याने इथिओपियन सूर आणि जॅझ एकत्र आणले, व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य वाजवतो. मग महमूद अहमद यांचा गळा. फ्रान्समधून १९९७ च्या सुमाराला सुरू झालेली 'एथिओपिक्स' ही अल्बमांची मालिका आहे, त्यातला चौथा भाग मुलातूचा, तोच घ्या आधी.

आणि मग हाइलू मर्गिया. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे नाही जाववत. अदिस अबाबातल्या हिल्टन हॉटेलात त्याचा वालियास बँड वाजवायचा, १९७४ नंतर तिथे लष्करी राजवट आली, रात्रीची संचारबंदी, मग लोक रात्री आत शिरायचे ते पहाटे संचारबंदी उठेपर्यंत आतच, आणि बँड रात्रभर वाजवतोय. १९८१ ला बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, काही जण तिकडेच राहिले, हाइलू त्यातलाच. १९८५ ला त्याने अ‍ॅकॉर्डियन आणि कीबोर्ड घेऊन एक कॅसेट केली आणि मग कितीतरी वर्षं वॉशिंग्टनच्या विमानतळावर टॅक्सी चालवली. डिकीत कीबोर्ड ठेवायचा, दोन भाड्यांच्या मध्ये मागच्या सीटवर बसून रियाज. ती जुनी कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ नावाच्या माणसाला इथिओपियातल्या बहिर दार गावात मिळाली, त्याने हाइलूला शोधून फोन केला, २०१३ ला ती परत निघाली आणि हा माणूस पुन्हा स्टेजवर. २०१८ ला नवीन अल्बमसुद्धा आला.

यातून शोधण्याची अजून एक रीत निघते, ती म्हणजे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी. शिमकोविट्झचं लेबल आहे 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका', त्यांनी काढलेलं जवळजवळ काहीही डोळे मिटून ऐकावं. तसंच 'सहेल साउंड्स'. सहारा वाळवंटाच्या पश्चिम भागात इंटरनेट धड नसताना लोक गाणी फोनच्या मेमरी कार्डावरून आणि ब्लूटूथने एकमेकांना द्यायचे, आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळायचं तसंच. त्या कार्डांवरची गाणी जमवून या लेबलने अल्बम काढले आणि त्यातूनच नायजर देशाचा मदू मोक्तार बाहेरच्या जगाला कळला. डावखुरा गिटारवाला, पहिली गिटार त्याने स्वतः बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी. आता ऐकाल तर रॉकवाले पण गप्प बसतील असं वाजवतो.

मालीवर वेगळं लिहायला हवं एवढं तिथे आहे, पण तिथलं कोरा हे तंतुवाद्य कसं ऐकायचं तेवढं सांगते. अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणलेलं, एकवीस तारा, आणि वाजवायला फक्त दोन अंगठे आणि दोन तर्जन्या. तुमानी जबातेचा 'कैरा' (१९८८) लावा, एकटाच वाजवतोय, वर दुसरा ट्रॅक चढवलेला नाही. पहिल्यांदा फक्त खालचा सूर ऐका जो अंगठ्याने फिरत राहतो, गाणं परत लावून मधला आकृतिबंध ऐका, तिसऱ्यांदा वरच्या सरसर उतरणाऱ्या ताना. चार बोटांत तीन माणसं आहेत हे तेव्हा कळतं. हेडफोन वापरा, फोनच्या स्पीकरवर खालचा सूर जातो.

व्हिडिओ बघायला आवडत असेल तर अमेरिकेच्या एनपीआर रेडिओचं टायनी डेस्क आणि सिअ‍ॅटलच्या केईएक्सपी रेडिओचं यूट्यूब चॅनेल, दोन्हीकडे बाहेरच्या देशांतले बरेच कलाकार येऊन समोर वाजवून गेलेत, आणि हात दिसतात हे महत्त्वाचं. एक सावधगिरी, 'आफ्रिकन चिल', 'डेझर्ट ट्रायबल' अशा नावांच्या तासातासाच्या व्हिडिओंत खाली एकाही वादकाचं नाव नसेल तर सोडून द्या. आजकाल त्यातलं बरंचसं मशीनने पाडलेलं असतं, आणि नसलं तरी नावच नाही तर पुढे जाणार कुठे.

प्रत्यक्ष ऐकायला मिळालं तर सोडू नका. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेज आणि मॅक्सम्युलर भवनात कार्यक्रम होतात, काही फुकटही, त्यांच्या मेलिंग लिस्टमध्ये नाव टाकून ठेवा. २१ जूनला फेत द ला म्युझिक हा संगीताचा उत्सव असतो, फ्रान्समध्ये १९८२ ला सुरू झालेला, आपल्या शहरांतही होतो. जोधपूरच्या किल्ल्यात ऑक्टोबरमध्ये रिफ महोत्सव असतो, लंगा-मांगणियार या राजस्थानी लोककलाकारांबरोबर बाहेरचे कलाकार बसतात. गोव्यात जाणार असाल तर बीच सोडून एक संध्याकाळ फादो या पोर्तुगीज गायकीला द्या, सोनिया शिरसाट गातात, पोर्तुगीज गिटारवर, आणि ती ऐकून झाली की लिस्बनची अमालिया रॉद्रिगेश आणि मग केप व्हर्देची सेझारिया एव्होरा, अनवाणी गाणारी, हा क्रम एकदम जमतो.

शेवटचं पैशाचं. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटवर अल्बम विकत घेतला की बराचसा भाग कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातो, आणि तिथे शहराच्या किंवा देशाच्या टॅगने शोधताही येतं. काही ठराविक शुक्रवारी कंपनी स्वतःचा वाटा सोडते, तेव्हा घेतलेलं अजून चांगलं. कार्डाने पैसे जात नसतील तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का बघा, बहुतेक वेळा तेच बंद असतं, चालू करा, लिमिट छोटी ठेवा आणि खरेदी झाली की परत बंद करून टाका.